फवारणी पंपाचे सेल

“ह्ये तर फवारणीच्या पंपाचं सेल हायत. गाडी पळायची न्हाई, फवारा मारंल.”

बोलणारे गावातले आबा माझ्या मागे बांधावर बसले होते. त्यांनी हे शेजाऱ्याच्या कानात सांगितलं, म्हणजे सगळ्या घाटाला ऐकू गेलं. मी मान खाली घालून गाडीच्या टपाच्या क्लिपा लावत राहिले. आबांचं काही चुकलं नव्हतं. सेल पंपाचेच होते.

घाट म्हणजे खंडाळ्याचा नव्हे. कामशेतहून पवनेच्या बाजूला एका गावाबाहेर बैलगाडा शर्यतीची मातीची, चढाची धावपट्टी आहे. तिला सगळे घाटच म्हणतात. ज्या रविवारी शर्यत नसते त्या रविवारी आम्ही तिथे रिमोटच्या गाड्या पळवतो. आम्ही म्हणजे तळेगाव, कामशेत, लोणावळा इथली काही मुलं, माझे बाबा आणि मी. गावाने परवानगी दिली ती एका अटीवर: पळवायचं ते बैलगाड्याच्या रिवाजाने. एका वेळी एकच गाडी, खालून वर, आणि सोडण्याआधी मालकाच्या नावाचा पुकारा. पुकारा आबा करतात. माइक गावाचा आहे, पण तो आबांच्या हातातून परत घेण्याची हिंमत कुणात नाही.

“आता येतोय तळेगावकर काकांचा गाडाऽऽ!”

तळेगावकर काका म्हणजे माझे बाबा. गाडी मात्र माझी. नोकरी लागल्यावर मी स्वतःसाठी घेतलेली पहिली वस्तू. पहिल्या रविवारी बाबांच्या हातात गाडी होती आणि माझ्या खांद्यावर बॅग. तेवढ्यावरून सगळ्यांनी काय ते ठरवून टाकलं. खरं सांगायला एकच वाक्य लागलं असतं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यात स्वभाव हा असा. वाक्य मी आधी मनात जुळवून बघते. ते जुळेपर्यंत विषय वडापावावर गेला होता. पुढे मलाही त्यातली सोय कळली. प्रश्न बाबांना यायचे, बाबा बिनधास्त चुकीची उत्तरं द्यायचे आणि मी बाजूला उभी राहून निवांत गाडी चालवायचे. “काका, तुमची मुलगी मस्त चालवते हां,” एवढं माझ्या वाट्याला यायचं. तेही बाबांकडून.

पंपाच्या सेलपर्यंत मी पोचले ती आईमुळे. या गाड्यांत बहुतेक जण लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर, बॅटरी वापरतात. हलकी असते, ताकद भरपूर, पण नखरेही भरपूर. आमची एक लिपो शोकेसवर ठेवल्याठेवल्या पुरीसारखी टम्म फुगली. मी इंटरनेटवर काय करायचं ते वाचत होते, तोवर आईने ती सांडशीत धरून बाल्कनीतल्या रिकाम्या कुंडीत नेऊन ठेवलीसुद्धा. मग ती आमच्या दोघांसमोर येऊन उभी राहिली. सांडशी हातातच होती.

“असलं काही पुन्हा या घरात आलं ना, तर गाडी भंगारात. मग बसा बापलेक कॅरम खेळत.”

आई असं म्हणते तेव्हा तसंच करते. आमचा जुना मिक्सर त्याला साक्षी आहे.

मग मी लिथियम आयर्न फॉस्फेटच्या मागे लागले. हीसुद्धा लिथियमचीच बॅटरी, पण शांत डोक्याची. सहसा पेट घेत नाही आणि वर्षानुवर्षं चार्ज होत राहते. ताकद मात्र जरा कमी आणि वजन जरा जास्त. अडचण किमतीची होती. गाडीसाठी म्हणून मिळणारे तयार पॅक इतके महाग, की त्यांच्यापुढे गाडीच स्वस्त वाटावी. ऑनलाइन स्वस्तही होते. त्यांच्यावर क्षमतेचा आकडा हा एवढा मोठा आणि खाली बारीक अक्षरांत वजन चिमणीएवढं. एवढी वीज साठवायची तर सेलला थोडं अंग हवंच. आकडा मोठा आणि वजन हलकं दिसलं, की मी तो पॅक सोडून द्यायचे. असं करता करता स्वस्तातले सगळेच सुटले.

कामशेतला आम्ही इंद्रायणी तांदूळ आणायला गेलो होतो. तांदळाच्या दुकानाला लागूनच पंपदुरुस्तीचं दुकान. तिथे काउंटरवर फवारणी पंपाची एक बॅटरी उघडून ठेवली होती आणि तिच्या पोटात निळे, जाडजूड, गोल सेल. मी मान वाकडी करून त्यांच्यावरचं वाचलं. लिथियम आयर्न फॉस्फेट! मी बाबांची बाही ओढली.

“दोन सेल मिळतील का?” बाबांनी विचारलं.

“किती एकर हाय?” दुकानदार म्हणाला.

“एकर नाही हो. रेसिंग.”

दुकानदाराने बाबांकडे पाहिलं, मग पिशवीतल्या तांदळाकडे, आणि दोन नवे सेल काढून दिले. मी त्यांच्यावरचे आकडे वाचत बसले. एका दमात सेल किती वीज देऊ शकतो, ते मला बघायचं होतं. माझी मोटर साधी, तिची भूक भागण्यासारखी होती. वजन बघायला बाबांनी सेल सरळ तांदळाच्या तराजूत ठेवले. भरले चांगले. दुकानदाराने ते एकापुढे एक जोडून वर वेष्टण चढवून दिलं.

घरी आईने उलटतपासणी घेतली.

“फुगेल?”

“नाही. नीट चार्ज केली तर.”

“पेटेल?”

“सहसा नाही.”

“सहसा?”

बॅटरीने पहिली रात्र बाल्कनीतल्या कुंडीतच काढली. सकाळी आईने तिला बोट लावून पाहिलं आणि घरात घेतलं.

तर त्या रविवारी आबांचा पुकारा झाला आणि मी गाडी सोडली. सुरुवात छान झाली. खालच्या सपाटीवरून ती सुसाट निघाली, चढाला लागली आणि मध्यावर उचकी लागल्यासारखी थांबली. पुन्हा निघाली, पुन्हा थांबली. मग थांबलीच.

“फवारा संपला!” आबा माइकवर म्हणाले. बांधावरची सगळी मंडळी हसली.

मुलं बाबांभोवती जमली. “काका, ही फेकून द्या. घाटात असलं चालत नाही.” “माझ्याकडे एक जादाची लिपो आहे. घेऊन जा तुम्ही, पैशांचं नंतर बघू.” बाबांना आयुष्यात कुणाला नाही म्हणता आलेलं नाही. ते म्हणाले, “बरं, दे. लावून बघू.”

माझ्यासमोर आईचा चेहरा आला. सांडशीसकट. ती लिपो आमच्या दारातून आत आली असती, तर गाडी त्याच दारातून बाहेर गेली असती.

मी वर जाऊन गाडी उचलून आणली आणि घोळक्याकडे पाठ करून बसले. बॅटरी घरून पूर्ण चार्ज करून आणली होती. सपाटीवर ती पळत होती, जोर लागला की थांबत होती. म्हणजे बॅटरी दम सोडत नव्हती, कुणीतरी मधेच तिला थांबवत होतं. मोटरला वीज देणारा छोटा डबा असतो, स्पीड कंट्रोलर. त्याच्यावर हरभऱ्याएवढी काळी टोपी असते. ती ज्या बाजूला बसवाल, त्या जातीची बॅटरी आहे असं तो समजतो. माझी टोपी अजून लिपोच्याच बाजूला होती. या सेलचा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, मुळात कमी, त्यात चढावर तो आणखी थोडा उतरतो. कंट्रोलर बिचारा समजत होता, की लिपो संपली, आता हिला वाचवलं पाहिजे.

मागे माझ्या बॅटरीचं काय करायचं यावर चर्चा रंगली होती. मी केसातली पिन काढली, टोपी उपटली आणि कमी दाबावरही चालणाऱ्या जुन्या धाटणीच्या निकेल बॅटरीच्या बाजूला बसवली. आता बॅटरी संपत आल्याचं कंट्रोलर वेळेवर सांगणार नव्हता. गाडी मंदावली की मलाच थांबायचं होतं. तेवढं मला जमलं असतं. मी गाडी रेषेवर नेऊन ठेवली आणि आबांकडे पाहिलं.

“तळेगावकर काकांचा गाडा पुन्यांदा! बगू या, अजून किती फवारा ऱ्हायलाय!”

गाडी निघाली. चढाला लागली. मध्यावर माझा अंगठा घामाने घसरत होता, पण गाडी थांबली नाही. फार जोरात गेली असंही नाही, कामशेतच्या एका मुलाची लिपोवाली तिच्यापेक्षा चपळ होती. पण आमची बैलासारखी मान खाली घालून चढत राहिली आणि वरच्या रेषेपलीकडे गेली. बांधावरून “भिर्रर्रर्र” झालं. आबा माइक घेऊनच चढून गेले आणि त्यांनी गाडीवर मूठभर भंडारा उधळला. माझ्या डोक्यात गिअरमध्ये गेलेल्या हळदीचा विचार.

“लय गुणाचा गाडा हाय, काका!” खाली येऊन आबा बाबांना म्हणाले. “काय जादू केली?”

“गरम झाली होती जरा,” बाबा मनापासून म्हणाले. “थंड झाली.”

तेवढ्यात कामशेतचा तो मुलगा फोन हातात घेऊन बाबांपाशी आला. “काका, आपण पण उद्या हेच सेल घेणार. माझा लिपोचा चार्जर चालेल ना याला?”

बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “न चालायला काय झालं? कुठलाही चालतो रे.”

मी वाक्य जुळवायला घेतलं. मुलगा मान डोलावून वळलाही. वाक्य अर्धंच झालं होतं, पण आता थांबून चालणार नव्हतं. आबा शेजारीच होते आणि माइक चालू होता. हे मला नंतर कळलं, घाटाला लगेच.

“कुठलाही नाही चालत! लिपोच्या चार्जरवर लावलीत तर बॅटरी फुगेल, सेल वाया जातील. या सेलसाठी ‘लाइफ’ असा वेगळा मोड असतो, तो असलेलाच चार्जर घ्या. कंट्रोलरची टोपीपण बदलावी लागते, ती मी दाखवते. आणि बाबांना नका विचारू, त्यांना यातलं काहीही माहीत नाही. गाडी माझी आहे.”