लग्न जुळवणारी कल्लम्मा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, सोडावाल्याच्या दुकानाला टेकून एक दगड उभा होता. हळदीकुंकवाचे थर बसून बसून तो चांगला गुबगुबीत झाला होता. त्याला सगळे कल्लम्मा म्हणत. कल्लु म्हणजे दगड आणि अम्मा म्हणजे आई. बंगळुरात एवढ्या भांडवलावर देवी होता येतं. ही देवी लग्नं जुळवते अशी ख्याती होती. ती कुणी पसरवली ठाऊक नाही, पण समोर लिंबं विकणारीचे दिवस त्यामुळे बरेच पालटले.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी पीयूसी, म्हणजे बारावी, चांगल्या मार्कांनी पास झाले आणि माझी रवानगी कॉलेजऐवजी कल्लम्माकडे झाली. दर मंगळवारी राहुकाळात लिंबाच्या सालीत दिवा लावायचा आणि फेऱ्या घालायच्या. पीण्याला, म्हणजे शहराबाहेरच्या कारखान्यांच्या वस्तीत, स्वतःचं लेथ मशीन असलेला एक मुलगा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हेरून ठेवला होता. लेथ मशीनशी माझं काही वाकडं नव्हतं. पण मला बी.एस्सी. करायचं होतं आणि अर्जाची मुदत संपत आली होती.

अण्णांबद्दल गैरसमज नको. ते स्त्रीशिक्षणाचे कट्टर कैवारी होते. मराठी मंडळाचे सेक्रेटरी म्हणून दर वर्षी त्या विषयावर त्यांचं भाषण ठरलेलं असे. भाषणात गळा भरून यायची जागासुद्धा ठरलेली होती. ‘लोकां सांगे ब्रह्मज्ञान’ एवढीच म्हण मी शाळेत पाठ केली असती तरी चाललं असतं, तिचा उरलेला भाग घरात रोज दिसत होता.

एका मंगळवारी आई म्हणाली, नुसत्या फेऱ्यांनी भागत नाही, देवीला कढत पाण्यानं न्हाऊ घाल. मी आधीच चिडलेली. नारळाच्या शेंडीनं खसाखसा घासलं, तशी हळदीची खपली निघाली आणि खाली कन्नड अक्षरं दिसली. आमच्या गल्लीत मुलींची पहिली शाळा काढणाऱ्या एका बाईंचं ते स्मारक होतं. लोकांनी त्यांच्यावर शेण फेकलं, घरमालकानं शाळेला कुलूप ठोकलं, तरी बाईंनी मुलींना रस्त्याकडेला बसवून शिकवलं, असं त्यावर कोरलं होतं. दगड त्यांच्या विद्यार्थिनींनी बसवला होता. मुली शिकाव्यात म्हणून जिनं अंगावर शेण झेललं, तिच्याभोवती आम्ही मुली शिक्षण सोडून नवरा मागत फिरत होतो. मला हसू आलं आणि पाठोपाठ रडूही आलं.

घरी धावत जाऊन अण्णांना सांगितलं. ते हरखलेच. “आपल्या गल्लीत! फर्स्ट क्लास! रविवारी मंडळातर्फे कार्यक्रम करू. मी बोलतो, तू स्वागतगीत म्हण.”

“आणि माझं कॉलेज?”

“तो वेगळा विषय. स्वल्प दम धर. पीण्याची माणसं सोमवारी तुला बघायला येताहेत. लग्न झाल्यावर शीक की हवं तेवढं.”

आई पोळ्या लाटता लाटता सगळं ऐकत होती. संध्याकाळी पायात चपला सरकवून मला दगडापाशी घेऊन गेली आणि म्हणाली, “वाच.” मी वाचून मराठीत सांगितलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं, शेणाचा भाग तर पुन्हापुन्हा. मग नमस्कार न करताच घरी परतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांच्या हातात कॉफी देताना ती म्हणाली, “अहो, कल्लम्मा स्वप्नात आली होती. भलती चिडली होती. म्हणाली, माझ्या गल्लीत मुलीचं शिक्षण तोडाल, तर घरच्या कर्त्या पुरुषाची वाचा बंद करीन.”

अण्णा देवबिव मानत नसत, निदान भाषणात तरी. पण रविवारच्या भाषणाची तालीम करून करून त्यांचा घसा आदल्या दिवशीच बसला होता. “सरी, सरी, बरं, बघू,” असं ते घोगऱ्या आवाजात म्हणाले आणि तो आवाज ऐकून स्वतःच दचकले. दुपारच्या आत कॉलेजचा अर्ज घरात आला. पीण्याला नकाराचा निरोप गेला. रविवारी अण्णांचं भाषण खणखणीत झालं. मुलीच्या शिक्षणासाठी समाजाशी झुंजणाऱ्या एका बापाचा त्यात मोठ्या विनयानं उल्लेख होता. टाळ्या पडल्या.

अण्णांचं मला नवल वाटलं नाही. राग आला तो आईचा. एवढं सगळं वाचून दाखवल्यावरही हिनं त्या बाईंची पुन्हा देवीच करून टाकली! दोघी भांडी विसळत होतो तेव्हा मी तिला नव्या कॉलेजकन्येच्या तोऱ्यात सुनावलं, “अगं, ती शाळेची मास्तरीण होती. तरी तुला असली खुळचट स्वप्नं पडतातच कशी?”

“स्वप्न कुठलं पडतंय?” आई पातेलं पालथं घालत म्हणाली. “रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता माझा. मला चौथीतून काढलं, तेव्हा माझ्या आईला असलं काही सुचलं नाही.”