बटण निघाल्यावर

माझी आत्या काज-बटणाचं काम करते. दुकानातून शर्टांचे गठ्ठे घरी येतात आणि ती खिडकीजवळ बसून त्यांना बटणं लावते. पुढची चार बटणं ओठांत धरून ठेवायची तिची सवय लग्नाच्याही आधीची. त्यामुळे कामाच्या वेळी तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, नुसतं 'हं' ऐकू येतं. शर्ट संपला की मात्र साठवलेलं सगळं व्याजासकट ऐकवते. नवरा गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली आणि तेव्हापासून घरात उलट बोलायची कुणाची बिशाद नाही.

माझ्या मुलानं तेवढं तिला खिशात टाकलं होतं. रांगायला लागल्यापासून तो उठला की तडक तिच्या मांडीवर.

एका दुपारी तिथंच बसून त्यानं तिच्या ओठांतलं एक बटण अलगद काढलं आणि स्वतःच्या तोंडात टाकलं. बघता बघता चेहरा काळानिळा. तोंड उघडं, छाती आत ओढली जातेय आणि आवाज नाही. आत्यानं त्याला हातावर पालथं घेतलं, डोकं खाली केलं आणि पाठीत थापट्या घातल्या. बटण फरशीवर पडलं. पोरगं कण्हलं आणि आमच्या जिवात जीव आला.

सुटलो, असंच आम्हाला वाटलं. पण संध्याकाळी तो दूध घेईना. श्वास भराभर चालू, प्रत्येक श्वासाला बरगड्या दिसतायत, ओठांवर फेस. आम्ही तसेच दवाखान्यात धावलो.

"अहो, पण बटण तर निघालं ना?" आत्यानं डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"निघालं. पण घसा बंद होता तेव्हा त्यानं जिवाच्या आकांतानं श्वास ओढला. हवा आत जाईना, मग त्या ओढीनं रक्तातलं पाणी फुप्फुसात झिरपलं. हे मागाहून दिसतं. तुम्ही वेळेत आणलंत. बहुतेक मुलं यातून लवकर सावरतात."

बाळाच्या नाकावर मास्क बसला, जोरानं हवा आत जाऊ लागली. माझी बायको त्याच्या उशाशी बसली ती हललीच नाही. आत्या बाहेरच्या बाकावर. आत यायला तयार नाही.

"मी दिराकडे जाऊन राहते," ती मला म्हणाली.

मला रागच आला. "आत्या, तुझ्याच हातानं बटण निघालं."

"आणि गेलं कुणाच्या तोंडातून?"

बायको तिच्याशी अक्षरही बोलली नव्हती, आणि मला खरी भीती त्याचीच होती.

दोन दिवसांनी फुप्फुसं मोकळी झाली, मास्क निघाला. बायको बाळाला घेऊन बाहेर आली आणि सरळ आत्याच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "धरा. मला जेवायचंय."

"मी नको गं."

"मग कोण? याच्या बापाला धरता येतं का?"

आणि ती मागे वळूनही न बघता गेली. आई चाललेली पाहून बाळानं असा टाहो फोडला की बाकावरची माणसं दचकली. नर्स बाहेर आली. "आजी, गप्प करा हो त्याला. बाकीची मुलं झोपलीत."

"हो, हो," आत्या म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तिनं त्याला पोटाशी धरलं आणि त्याच्या कानाशी पुटपुटली, "रड रे राजा. छाती भरून रड."