कोळशाच्या खाणीकडे गेलेलं घर

दुसरी मोठी लढाई संपत आली होती, तेव्हा मी हैदराबादला अर्थशास्त्र शिकत होतो. आमच्या प्राध्यापकांनी मराठवाड्यातल्या गावांची पाहणी हाती घेतली आणि हिंगोली-कळमनुरीकडची बोली येणारा म्हणून मला सोबत घेतलं. आमच्या भागातला कापूस जिनिंगमध्ये जाऊन गाठी होऊन बाहेर जातो, गिरणीचं कापड बाहेरून येतं, खाणी-कारखान्यांत भांडवलही बाहेरचंच, आणि आता गावातली माणसंसुद्धा कामासाठी बाहेर जाऊ लागलीत. या सगळ्यातून मुलखाची खुशहाली वाढते की घटते, हे त्यांना शोधायचं होतं. आमचं शिक्षण उर्दूतून, त्यामुळे 'खुशहाली' हाच शब्द आमच्या तोंडी बसला होता.

डोंगरकड्याला माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं सासर. दाजी लुगडी विणायचे. लढाईत सूत मिळेनासं झालं आणि माग थांबला. काही महिने दाजींनी लोकांच्या शेतात निंदणी-खुरपणी केली, पण त्यांचा हात त्या कामाला वळेना. मग एक मुकादम आला. पूर्वेकडं तेलंगणात कोळशाच्या खाणी आहेत, रोजचा रोज पैसा मिळतो, राहायला खोली मिळते, असं सांगून तो गावातली चार माणसं घेऊन गेला. त्यांत दाजी होते.

पाहणीच्या निमित्तानं मी डोंगरकड्याला पोचलो, तेव्हा त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. निरोप नाही, पैसा नाही. सोबत गेलेल्यांपैकी एकजण परत आला होता, पण दाजींचं नाव काढलं की तो उठून बाहेर जायचा. अक्का वाळून गेली होती. तिची पोरगी जेमतेम तीन वर्षांची.

प्राध्यापकांना मी सगळं सांगितलं. तसंही आम्हाला खाणीवरच्या मजुरांना भेटायचंच होतं. ते म्हणाले, "तू पुढं जा. तिथल्या साहेबासाठी मी तुझ्याजवळ चिठ्ठी देतो."

मी निघालो तर अक्का पोरगी कडेवर घेऊन दारात उभी. म्हणाली, "म्या बी येते."

"अक्का, तिथं बायामाणसाचं..."

"काहून? बायामाणसाला डोळे न्हाईत का? हितं बसून मी येडी व्हयाची पाळी आली."

नांदेडहून गाडी धरली, मग पुढं गाड्या बदलल्या. वाटेत अक्कानं काही खाल्लं नाही. पोरगी तिच्या पदराशी खेळायची आणि झोपी जायची.

खाणीवर सगळं काळं होतं. झाडांची पानं काळी, ओहोळाचं पाणी काळं, वाळत घातलेले कपडे काळे. मजुरांच्या चाळीत आमच्याकडची बोली ऐकू आली तेव्हा जीव थोडा भांड्यात पडला. एका म्हाताऱ्या मजुरानं दाजींच्या खोलीकडं बोट केलं, पण आमच्याबरोबर यायला मात्र तो तयार नव्हता.

दाजी दारात बसले होते. आम्हाला पाहताच त्यांनी उजवा हात धोतराच्या सोग्यात लपवला. अक्का धावत गेली आणि तिनं तो हात ओढून बाहेर काढला. बोटं नव्हती. कोळशाचा भरलेला डबा रुळावरून घसरला आणि त्याखाली हात सापडला होता. आता ते डाव्या हातानं खाणीत न्यायचे दिवे पुसायचं, तेल घालायचं काम करत होते.

अक्का रडली नाही. तो हात दोन्ही हातांत धरून बसली. म्हणाली, "चला घरी."

"घरी येऊन काय करू?" दाजी म्हणाले. "माग कोण चालवील? लोकायच्या दारात बसून भाकरी मागू का? हितं निदान दिवे तरी पुसून राहिलो."

"म्या हाय ना."

"म्हणून तर आलो न्हाई."

दोन दिवस त्यांचं हेच चाललं होतं. दाजी एकदा हो म्हणत, लगेच नाही म्हणत. खोकला लागला की त्यांना बोलताच यायचं नाही. तिसऱ्या दिवशी अक्का मुकादमाकडं जाऊन आली. खाणीच्या वर कोळसा वेचून टोपल्या भरायचं काम बायांना मिळत होतं, ते तिनं धरलं.

मी तिच्यावर ओरडलो. ती शांत होती. म्हणाली, "ह्यायला एकट्याला सोडलं तर हे वाचणार न्हाईत. पन लेकराला ह्या धुरात ठेवलं तर ते वाचणार न्हाई. तू इला घेऊन जा. मायपाशी दे."

स्टेशनावर पोरगीनं अक्काच्या गळ्याभोवतीचे हात सोडले नाहीत. अक्कानं ते एकेक करून सोडवले, तिला माझ्या अंगावर दिलं आणि पाठ फिरवून चालायला लागली. गाडी सुटेपर्यंत पोरगी ओरडत होती. त्यानंतर तिला ताप भरला आणि हिंगोलीजवळच्या आमच्या गावी पोचेपर्यंत उतरला नाही.

हैदराबादला परतल्यावर प्राध्यापकांनी विचारलं, "त्या घराची कमाई वाढली?"

"वाढली."

"दोघांनाही काम आहे?"

"आहे." मग मी त्यांना हात, खोकला, स्टेशनावरची पोरगी, सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "हे मी कुठं मांडू? तू सांग, मी मांडतो."

शेवटी आमच्या हिशेबात ते घर सुधारलेल्या घरांत गेलं. पुढं हैदराबाद संस्थान भारतात जावं की नाही यावरून धामधूम सुरू झाली, कॉलेज बंद पडलं आणि पाहणी तशीच अर्धवट राहिली.

मी गावी अडकलो. गाड्यांचा भरवसा उरला नव्हता, रस्त्यांवर लुटालूट होती, लोक पैनगंगा ओलांडून संस्थानाबाहेर वऱ्हाडात पळत होते. खाणीकडची काहीच खबर येत नव्हती. आई रोज भाकरी थापताना म्हणायची, "माझं लेकरू जेवलं आसंल का?" मी दोनदा नांदेडपर्यंत गेलो आणि दोन्ही वेळा पुढची वाट बंद म्हणून माघारी आलो.

संस्थान भारतात सामील झाल्यावर, ज्वारी पोटऱ्यात, कणसं बाहेर पडायच्या बेतात असताना, एका दुपारी अक्का एकटीच आली. कपाळ मोकळं होतं. हिंगोली स्टेशनावरून चालत आली होती. आईनं तिला पाहून हंबरडा फोडला. पावसाळ्याच्या तोंडाला दाजींना रक्ताच्या उलट्या झाल्या होत्या. परत यायच्या भाड्याचं जमेपर्यंत ती तिथंच राबत राहिली.

पोरगी आजीच्या मागं लपली होती. अक्कानं हात पुढं केले. पोरगीनं तिच्या काळ्या पडलेल्या नखांकडं पाहिलं आणि आजीचं लुगडं आणखी घट्ट धरलं. "माय, ही कोन हाय?" तिनं माझ्या आईला विचारलं.

अक्कानं हात मागं घेतले. मोरीत जाऊन ती कितीतरी वेळ राखेनं नखं घासत राहिली. पुढं हिंगोलीच्या जिनिंगमध्ये ती कापूस निवडायला जाऊ लागली. संध्याकाळी येताना पोरगीसाठी फुटाणे आणायची. पोरगी फुटाणे घ्यायची आणि आजीपाशी जाऊन खायची. तिला आई म्हणायला दोन वर्षं लागली, आणि तेही लोकांच्या सांगण्यावरून.