साडेआठचं माप

माझे वडील बऱ्हाणपूरच्या तहसील कचेरीत कारकून होते. कचेरीच्या आवारातला पाऊस मोजायचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडे होतं. रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकाचं नरसाळं उचलायचं, आतल्या बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं आणि आकडा वहीत लिहायचा. पाऊस नसला तरी जायचं, ‘निरंक’ लिहायचं. आई गेली त्या सकाळीसुद्धा तिला नेण्याआधी ते जाऊन माप वाचून आले. त्याचा राग माझ्या मनातून फार दिवस गेला नाही.

मग राज्यांची फेररचना झाली, आणि पावसाच्या मापात इंच अन् सेंट, म्हणजे इंचाचे शंभरावे भाग, जाऊन मिलिमीटर आले. त्यासाठी नवं माप आलं. जुन्यावरच्या जाड रेघा वडिलांना कशाबशा दिसत; नव्यावरच्या बारीक रेघा काही केल्या दिसेनात. कचेरीत कळलं तर हे काम जाईल, याची त्यांना धास्ती. मी तेव्हा मुलींच्या शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते आणि कचेरी वाटेवरच होती. म्हणून मी रोज त्यांच्याबरोबर जाऊ लागले. आकडा मी वाचायचा, लिहायचा त्यांनी. आमचं हे गुपित मला सुरुवातीला आवडायचंही.

पण शाळा पावणेनऊची. मला सारखा उशीर व्हायचा. एकदा मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर झापलं, “उद्या उशीर झाला तर घरीच बसा.” घरी मी नुसती धुमसत राहिले.

दुसऱ्या दिवशी बाटलीच्या तळाशी पाणी होतं. ते मापात ओता, डोळ्यासमोर धरा, रेघा मोजा, एवढाही धीर मला नव्हता. मी बाटली तशीच फरशीवर पालथी केली.

“किती हाय, बेटा?”

“निरंक.”

त्यांची नजर अधू होती, कान चांगले शाबूत होते. तरी वही उघडून त्यांनी निरंक लिहिलं आणि म्हणाले, “जाय आता, देर होईन तुला.”

मी वेळेवर पोचले. वेळेवर पोचल्याची इतकी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही.

संध्याकाळी कळलं, त्यांनी आपणहून तहसीलदारांना सांगितलं होतं, ‘मला दिसत नाही, दुसरा माणूस बघा.’ माझं नाव घेतलं नव्हतं. ती नोंद तशीच राहिली. खरा आकडा मी सांडूनच टाकला होता. मी त्यांचे पाय धरून रडले, तर म्हणाले, “रडू नको बेटा, मला दिसत नव्हतंच.”

त्यानंतर ते पुष्कळ वर्षं जगले. पाऊस झाला की साडेआठला ओट्यावर येऊन बसायचे. दूधवाल्याला, शेजाऱ्यांना, देडतलाईहून बाजाराला आलेल्या अनोळखी माणसालाही विचारायचे, “किती पडला असेल?”

मी दारातच उभी असायचे. मला त्यांनी कधी विचारलं नाही.