सैनिक आजोबांचं पान

हे लिहावं की नको, यात बरेच दिवस गेले. मी अंबडला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. अंगात येणं, करणी, असले विषय वर्गात निघाले की मुलांची समजूत घालणारा मीच. माझं मत आजही बदललेलं नाही... फक्त मागच्या सर्वपित्री अमावस्येला आमच्या अंगणात जे झालं, ते कुठे बसवावं हे कळत नाही.

आमचं गाव कुंभार पिंपळगावच्या जवळ. थोडी मोसंबी, थोडा ऊस. घरात कॉलेज पाहिलेले आम्ही दोघंच — मी आणि धाकटी बहीण वैशाली. आण्णांना, म्हणजे वडिलांना, सहीपुरतंच लिहिता येतं. पण आमच्या शिक्षणात त्यांनी काही कमी पडू दिलं नाही. वैशाली नर्स झाली. आता ती कॅनडात एका वृद्धाश्रमात काम करते.

तिथे तिच्याकडे शंभरीला टेकलेले एक आजोबा होते. दुसऱ्या महायुद्धातले सैनिक, एवढंच तिने आम्हाला सांगितलं होतं. पेशंटबद्दल घरी बोलायचं नाही असा तिथला नियम, आणि ती नियम पाळणारी. आषाढात ते गेले. नेमकी त्या दिवशी तिची सुट्टी होती.

तेव्हापासून पोरगी खचली. व्हिडिओ कॉलवर चेहरा ओढलेला, जेवणावर वासना नाही. डोळा लागला की आजोबांच्या खोलीतली बेल ऐकू येते म्हणायची. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, फरक शून्य. आई रोज माझ्यामागे लागायची, "तिला वापस बोलव रे. पोरगी हातची जाईल." वैशाली स्वतःच नोकरी सोडायची भाषा करू लागली होती.

अमावस्येच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला.

"दादा, उद्या त्यांच्या नावानं एक पान वाढाल का? त्यांच्या मागं कुणीच नाही."

"नाव काय सांगू?"

"नाव नको. सैनिक आजोबा म्हणा."

मला हे फारसं पटलं नाही. आण्णा मात्र लगेच म्हणाले, "ज्याचं कुणी न्हाई, त्याच्यासाठीच तर ही आवस असती. आपल्या लेकीनं हातानं जेवू घातलेलं माणूस हाये. वाढू की."

दुसऱ्या दिवशी दुपारी गोठ्याच्या पत्र्यावर पानं ठेवली. आमच्या पितरांची, आणि कडेला एक वेगळं.

बाबूकाका, म्हणजे माझे चुलते, हसायला लागले. "आण्णा, गोऱ्या माणसाला खीर-वडे चालतील का? एखादं बिस्कीट तरी ठेव."

"लढाईवर गेलेला माणूस काय बी खातो," आण्णा म्हणाले. "नखरे तुझेच राहतेत."

कावळे आले. आमची पानं बघता बघता साफ झाली. कडेच्या पानाकडे मात्र एकही वळला नाही. एक तर अगदी शेजारी बसला, मान वाकडी करून पाहिलं आणि उडून गेला. 

आण्णांनी हात जोडले. "बाबा, काय राह्यलं असंल तर सांग. आमच्या पोरीला घोर लावू नको." 

कावळा फिरकलाच नाही. ऊन कललं. कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी जेवायला बसेना. बाबूकाकांची थट्टा थांबली. आईने डोळ्याला पदर लावला. "तिच्या हातून काही राहून गेलं असंल का रे?"

मी म्हणालो, "आई, कावळ्यांची पोटं भरली असतील."

तेवढ्यात पत्र्याखाली आमची तांबडी गाय हंबरली. गरीब जनावर ते, पण असं हंबरताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. दाव्याला हिसके देत होती, डोळे पांढरे झालेले. साप असेल म्हणून आम्ही धावलो. साप नव्हता. 

आमच्याकडे दाव्याची गाठच अशी मारतात की एक टोक ओढलं की सुटावी — आग लागली, साप निघाला तर जनावर पटकन मोकळं करता यावं म्हणून. आण्णांनी टोक ओढलं. गाठ सुटेना. मी नखं लावून पाहिलं, जमेना. दगडासारखी आवळली होती. गायीची जीभ बाहेर आली.

"व्हय बाजूला," आण्णा म्हणाले. आढ्याला खोचलेला विळा काढला आणि एका झटक्यात दावं कापलं.

गाय पळाली नाही. शांतपणे बाहेर आली आणि अंगणात उभी राहिली. आम्ही दम घेतोय तोवर पत्र्यावर टक् असा आवाज झाला. वर पाहिलं तर कडेच्या पानावर कावळा. 

संध्याकाळी वैशालीचा फोन आला. तिकडे सकाळ झाली होती. आवाज मोकळा होता. "दादा, किती दिवसांनी झोपले मी. अलार्मनं उठवलं. बेल वाजलीच नाही."

मी सहज म्हणून गायीचं सांगितलं. तिने मधेच विचारलं, "दावं सोडलं, का कापलं?"

"कापलं. आण्णांनी, विळ्यानं."

ती रडायला लागली. आता माणूसच राहिला नाही म्हणून असेल, त्या दिवशी तिने पहिल्यांदा सगळं सांगितलं. 

आजोबा म्हणजे शेतकऱ्याचं पोर. लढाईला जायचं नव्हतं, पण सरकारने सक्तीने भरती केलं. खुशीने आलेले शिपाई त्यांना टोमणे मारायचे. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात साधा शिपाई म्हणून जहाजात घालून हॉलंडला पाठवलं. सगळीकडे चिखल, बांध फुटून शेतात शिरलेलं पाणी. एका गोठ्यात दोन गायी बांधलेल्या राहिल्या होत्या. मालक पळालेला, पाणी चढतंय, तोफा चालू. आजोबांनी एक गाय सोडली. दुसरीची गाठ भिजून आवळलेली, यांची बोटं थंडीने बधिर. तेवढ्यात हुकूम आला आणि सोबत्यांनी ओढत नेलं.

"चाकू खिशातच होता दादा. कापायचं सुचलंच नाही. जन्मभर तेच मनात. रोज मला विचारायचे, ती गाय सुटली का? मी रोज सांगायची, सुटली आजोबा. मग जेवायचे. शेवटच्या दिवशी मी नव्हते... दिवसभर बेल वाजवत होते म्हणे. उत्तर काय द्यायचं, कुणालाच माहीत नव्हतं."

फोन स्पीकरवर होता. आण्णा सगळं ऐकत होते. फोनजवळ सरकून म्हणाले, "सक्तीनं नेलेलं लेकरू ते. आता सुटली म्हणावं गाय. तू जेव बेटा."

आणि ती खरंच जेवली. आम्ही फोन ठेवला नाही, व्हिडिओ लावून तिला खाताना बघत राहिलो. आईच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू होतं.

गोमाशी चावली असेल, हिसक्यांनी गाठ आवळली असेल, कावळ्याला उशिरा भूक लागली असेल. यातलं प्रत्येक शक्य आहे. पण सगळं त्याच दुपारी, त्याच ओळीने का घडलं, ते मी मुलांना समजावू शकणार नाही. वैशाली तिथेच नोकरी करते, बरी आहे. मला तेवढं पुरे आहे.

आण्णांनी गायीला नवीन दावं आणलं. जुन्याचे दोन तुकडे जोडून चालले असते, पण त्यांनी जोडू दिले नाहीत.