टाकीतला श्रावण
कोळंबी सोलल्यावर बोटांना जो वास राहतो, त्याने मला विक्रोळीच्या घरातला एक श्रावण आठवतो. दादाने हॉलमधल्या टाकीत तीन ऑस्कर मासे आणि लाल शेपटीचा एक दांडगा कॅटफिश एकत्र ठेवले होते. पोट भरलेलं असलं की ते एकमेकांच्या वाटेला जात नाहीत, असं तो छातीठोकपणे सांगायचा आणि रोज त्यांना कोळंबी घालायचा. श्रावण लागला तशी आई म्हणाली, "आता महिनाभर घरात वशाट येणार नाही, मग ते माशांसाठी का असेना." दादाने दुकानातलं सुकं खाणं टाकलं, ते माशांनी तोंडात घेऊन थुंकून दिलं. सोमवारी सकाळी ऑस्कर दोनच होते. आम्ही टाकीमागे शोधलं, सोफ्याखाली शोधलं, आणि मग कॅटफिशचं फुगलेलं पोट दिसलं. आई उपासाच्या साबुदाण्याची बशी हातात धरून काचेसमोर उभी राहिली. "मगे आपलो श्रावण मोडलो काय रे?" तिने दादाला मालवणीत विचारलं. दुसऱ्या दिवशी तिनेच बाजारातून कोळंबी आणली, टाकीत टाकली आणि पुन्हा अंघोळ केली. आता माझ्या घरी मी श्रावण पाळते. पण त्या दिवशी आईने तो मोडला की पाळला, हे मला अजून सांगता येत नाही.