सिस्टरच्या पायावरची रेघ

वानखडे सिस्टरनी कधी कोणाला धीर दिला नाही. बार्शीटाकळी तालुक्यातल्या एका गावच्या आरोग्य केंद्रात आम्ही चौदा वर्षं बरोबर काढली. त्या नर्स, मी औषधाच्या खिडकीत बसणारा कंपाउंडर. पण "घाबरू नका, बरं होईल" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून एकदाही ऐकलं नाही. बाळंतिणीची आई डोळ्याला पदर लावून विचारायची, "सिस्टर, पोरगी सुटते ना वं माही?" सिस्टर हातमोजे चढवता चढवता म्हणायच्या, "पाहून राहिली न मी. तुमी बाहेर बसा." नव्यानं आलेल्या डॉक्टरांना हे फार कोरडं वाटे. गावाला तसं वाटत नसे. सिस्टर खोटं सांगत नाहीत, हे गावाला पक्कं ठाऊक होतं. त्यांनी "अकोल्याले न्या, आत्ताच न्या" म्हटलं की माणसं दुसरा प्रश्न न विचारता गाडी शोधायला पळत.

त्यांचं माहेर वलगावचं. आईवडील दुसऱ्याच्या वावरात निंदण-वेचणीला जायचे आणि सिस्टर लहानपणी त्यांच्या मागं मागं काळ्या मातीतून चालायच्या. ते चालणं त्यांच्या अंगात मुरलं होतं. लसीचा डबा खांद्याला लावून त्या चार-चार गावं पायी करत. "एस.टी.ची वाट पाहात बसली तं डब्यातला बर्फ पाणी होते," म्हणायच्या. रस्त्यात कोणी बैलगाडी थांबवून "बसा सिस्टर" म्हटलं, तर "मले लवकर पोचाचं हाये" म्हणून गाडीच्या पुढं निघून जायच्या. मी एकदा त्यांच्यासोबत लसीकरणाला गेलो होतो. परत आल्यावर दोन दिवस पाय दाबत खिडकीत बसूनच राहिलो.

एका गोष्टीचा मात्र त्यांना कंटाळा होता. बाजाराच्या दिवशी आसपासच्या म्हाताऱ्या बाया केंद्रावर येत आणि ओट्यावर ओळीनं बसत. पाय दुखतात, पायात मुंग्या येतात, तळवे जळतात. कुठं दुखतं ते नेमकं सांगता येत नसे, कोणती जखम नाही, सूज नाही. सिस्टर कापसाची वात पायावर फिरवून पाहात. कुष्ठरोगाच्या सर्वेक्षणात शिकलेली ती पद्धत होती. बधिर चट्टा नाही सापडला की विषय संपला. "वय झालं मावशी. जुन्या मोटेचे चाकं वाजतेच," असं म्हणून त्या चिठ्ठी माझ्याकडं सरकवायच्या. मी कॅल्शियमच्या पांढऱ्या गोळ्या कागदात बांधून द्यायचो. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही.

सिस्टर निवृत्त झाल्या आणि अकोल्याला राहायला आल्या. पुढं मीही आलो, त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. त्यांचे यजमान आधीच गेले होते, मुलगा अमरावतीला नोकरीत. एक दिवस सकाळी भाजी घेऊन येताना त्या माझ्या फाटकाशी थांबल्या. मी पाहिलं, तर एका पायात चप्पल होती, दुसरा अनवाणी. मी म्हटलं, "सिस्टर, चप्पल कोठी गेली?" त्यांनी खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. चप्पल पाऊणएक फर्लांग मागं, रस्त्याच्या कडेला पडलेली मी आणून दिली. डांबर तापलं होतं. पण पायातून चप्पल सुटली हे त्यांना कळलंच नव्हतं.

तेव्हा त्यांनी सांगितलं. सहा-सात महिने झाले होते. आधी उजव्या तळव्यात मुंग्या, मग दोन्ही पायांत. कधी तिखट लावल्यासारखी आग, कधी पोटरीतून कळ जाई. झोप नीट होत नव्हती. नंतरचं वर्ष तपासण्यांत गेलं. साखर नाही, थायरॉइड बरोबर, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं घेऊन झाली, कमरेचा एमआरआय अकोल्याला, नसांची तपासणी अमरावतीला. फाईल जाड झाली, पण कारण सापडलं नाही. शेवटी एका तरुण डॉक्टरनं फाईल मिटून म्हटलं, "मावशी, वयानुसार होतं असं. जास्त विचार करू नका."

"पोरगा चांगला हाये," सिस्टर मला म्हणाल्या. "सगळं तपासलं त्यानं. पण मी म्हटलं, बाप्पा, मी पायाचा विचार नाही करून राहिली, पायच माह्या मागं लागला हाये."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

मग त्यांनी आपलीच तपासणी सुरू केली. दर महिन्याला मी गेलो की त्या खुर्चीवर पाय पसरून डोळे मिटायच्या आणि मला कापसाची वात हातात द्यायच्या. मी तळव्यापासून वर वर टेकवत जायचो. जिथं स्पर्श कळून त्या "हं" म्हणतील तिथं बॉलपेननं रेघ मारायची. पहिल्यांदा रेघ घोट्यावर होती. पुढच्या वर्षी अर्ध्या पोटरीला आली. त्या रेघेकडं त्या बाळाच्या वजनाचा तक्ता पाहावा तशा पाहायच्या. "एक बोट चढली," एवढंच म्हणायच्या आणि चहा ठेवायला उठायच्या. उठताना टेबलाला धरू लागल्या होत्या.

अशीच एकदा रेघ मारून झाली, तर त्या उठल्या नाहीत. म्हणाल्या, "कंपाउंडर, वयानं होते, हे आपणही म्हणत होतो न?"

"म्हणत होतो."

"किती जणींले म्हटलं असन?"

मी बॉलपेनला टोपण लावलं.

"धोंडाबाई आठवते?"

आठवत होती. पाच कोसांवरच्या वस्तीतून दर बाजाराला यायची. "पायात लाल्या मुंग्या चावून राहिल्या" असं सांगायची. आम्ही तिचं नाव मुंग्यावाली ठेवलं होतं. ती ओट्यावर दिसली की मी चिठ्ठीची वाट न पाहता गोळ्या बांधायला घ्यायचो. मग एका वर्षी ती यायची थांबली. आम्ही विचारलंही नव्हतं.

"ते जित्ती असन तं मले भेटाचं हाये," सिस्टर म्हणाल्या.

आम्ही गेलो. बार्शीटाकळीपर्यंत बसनं, पुढं ऑटोनं. धोंडाबाई जिवंत होती. निंबाखाली बाजेवर बसून तुरी निवडत होती. सुनेनं पाणी आणलं. सिस्टरची नजर धोंडाबाईच्या उजव्या पायाकडं गेली. दोन बोटं नव्हती.

"चुलीपाशी निखाऱ्यावर पाय पडला," धोंडाबाईनं सांगितलं. "मले समजलंच नाही. वास आला तवा समजलं. मंग अकोल्याले नेऊन कापले."

सिस्टर बाजेवर बसल्या नाहीत. गुडघ्याला हात देत खाली जमिनीवर बसल्या. "धोंडाबाई, तुमचं खरं होतं. मी ऐकलं नाही. माह्यं चुकलं."

धोंडाबाईनं त्यांच्याकडं निरखून पाहिलं. "मंग आताच काहून सांगून राहिल्या?"

"आता मलेच होऊन राहिलं."

धोंडाबाई बोळकं पसरून हसली. त्यात खिजवणं नव्हतं. सूप बाजूला ठेवून तिनं विचारलं, "तुमाले कोठून सुरू झालं?"

"तळव्यातून."

"माह्यंही तळव्यातूनच. गोधडी टेकली तरी जळते का?"

"जळते."

"अन् चालताना कापसावर पाय पडल्यासारखं?"

"तसंच."

अर्धा तास दोघी बोलत होत्या. मी नुसता ऐकत होतो. इतके डॉक्टर झाले, पण सिस्टरना इतकं बारकाईनं कोणी विचारलं नव्हतं. निघताना धोंडाबाई मला म्हणाली, "अन् तुमच्या त्या गोळ्या खडूसारख्या लागे. मी कोंबड्याईले टाकल्या. अंडे मात्र पक्के झाले." सून तोंडाला पदर लावून हसली. ऑटोत सिस्टर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून होत्या. बार्शीटाकळीला उतरलो. बस लागली तेव्हा म्हणाल्या, "गुरुवारी मोकळे आहा का तुमी?"

दोन वर्षं आम्ही दर गुरुवारी त्या निंबाखाली जाऊन बसत होतो. वस्तीतली म्हातारी माणसं येत. सिस्टर वात फिरवत, विचारत, सगळं ऐकून घेत. काहींना साखर निघाली. त्यांना ती आहे हेच ठाऊक नव्हतं. त्यांना अकोल्याला धाडलं. काहींचं कारण कोणालाच सापडलं नाही. त्यांना सिस्टर सांगत, "कारण मले नाही समजलं. पण तुमचं दुखणं खरं हाये. रोज संध्याकाळी तळवा आरशात पाहाचा. चप्पल घालाच्या आधी आत हात फिरवाचा. चुलीपाशी अनवाणी जाचं नाही." बरं वाटेल असं त्या तेव्हाही म्हणाल्या नाहीत. तरी माणसं पुढच्या गुरुवारी येत.

मग त्या न्हाणीघरात पडल्या आणि मुलगा त्यांना अमरावतीला घेऊन गेला. गुरुवारचं काम आता धोंडाबाईच्या वस्तीतली आशाताई पाहते. तिला सिस्टरनी आधीच शिकवून ठेवलं होतं. मी अधूनमधून भेटायला जातो. रेघ गुडघ्याला लागली आहे. पाय जमिनीला टेकला की नाही हे त्यांना आता डोळ्यांनी पाहूनच कळतं.

मागच्या खेपेला मी निघालो, तर काठी घेऊन त्याही उठल्या. मी म्हटलं, "सिस्टर, बसा. मी जातो न." "जाणाऱ्याले फाटकापर्यंत सोडा लागते," त्या म्हणाल्या. ते दहा पावलांचं अंगण ओलांडायला आम्हाला बराच वेळ लागला. फाटकाबाहेर येऊन मी हात केला. त्यांनीही काठी सावरत दुसरा हात उचलला, पण मान खालीच. "पोचल्यावर फोन करा," त्या फरशीकडं पाहात म्हणाल्या. "वर नाही पाहात मी. पाह्यलं तं पडीन."